दारातला पाय

घाटकोपर
दिवाळीच्या सुट्टीनंतरचा रविवार, १९७५

प्रिय सगुणाताई,

हे पत्र क्षमाच्या हातात देऊ नकोस. तुझी लेक गुणाची आहे, पण ती मोठ्यानं वाचेल, आणि तुमच्या आळीत मोठ्यानं वाचलेलं काहीही दुपारपर्यंत खाडीवर पोचतं. तूच वाच. मी अक्षर मोठं काढलंय, ओळींमध्ये जागा सोडलीय. तुला वाचायला मीच शिकवलं, तेव्हा तू कुठं अडशील तेही मला ठाऊक आहे. अडलीस की चहा टाक आणि मग पुढं जा. जे लिहायला मला एवढी वर्षं लागली ते वाचायला तुला दोन दिवस लागले तर काही बिघडत नाही.

घाटकोपरहून भांडुप म्हणजे काही परदेश नव्हे, उठून आले असते. पण समोर बसलं की तू मला बोलू देतेस कुठं? मी जरा सूर लावला की तू ताटात कालवण ओततेस, मी काटे काढत बसते, आणि निवट्यांचा डबा घेऊन घरी येते. बोलायचं ते तसंच राहतं. म्हणून या वेळी कागद घेतला. कागदावर तुला काही वाढता येणार नाही.

परवा क्षमा माझ्या शाळेत आली होती. मधल्या सुट्टीत तिनं तुझा निरोप जसाच्या तसा सांगितला. धोंडिरामदादा आपलं ते ग्रीक नाटक पुन्हा बसवतोय, कोरसमध्ये त्याला तू हवीयस, आणि तू म्हणालीस, ‘मी नाय येनार. मागल्या टायमाला मीच वाट लावली. आता दुसऱ्या बाया बगा.’ क्षमा हसत सांगत होती. मला हसू आलं नाही. आम्ही सगळे ती गोष्ट गंमत म्हणून सांगत आलो आणि तू ती इतकी वर्षं उराशी धरून बसलीस, हे मला खरंच माहीत नव्हतं. तू येणार नसशील तर मीही नाटकात नाही, असं मी दादाला सांगून टाकलंय. तेव्हा आता तुझ्या हो-नाहीवर बरंच काही अडलंय.

पहिल्यापासून आठवून बघ. आमचा दादा तुमच्या आळीत पहिल्यांदा आला तो रामनाथच्या लग्नाला. दोघं एकाच कारखान्यात फिटर. दादा नाइट कॉलेजातून बी.ए. झालेला, आणि नाटकाचं वेड असं की आमच्या काकूनं त्याच्या लग्नाचा विषयच सोडून दिला होता. त्या वर्षी कामगारांच्या नाट्यस्पर्धेत जो तो हसवायची नाटकं करत होता, आणि यानं अडीच हजार वर्षांपूर्वीचं नाटक मराठीत आणलं होतं. त्यात नगरातल्या म्हाताऱ्या माणसांचा एक घोळका लागतो, एका सुरात बोलणारा, मध्येच गाणारा. त्याला म्हणतात कोरस. कारखान्यातली पोरं घेऊन दादानं तो घोळका करून पाहिला होता, पण ती मिरवणुकीला निघाल्यासारखी ओरडत. मग रामनाथच्या हळदीला पुतळाबाईंनी धवला लावला, मागून तुम्ही चौघींनी ओढून धरला, आणि दादानं हातातली पत्रावळ खाली ठेवली. मी शेजारीच बसले होते. त्यानं माझ्या कानात सांगितलं की कोरस मिळाला.

मिळाला कसला! पुतळाबाईंनी त्याला दारात उभं केलं नाही. धवला हे लग्नाचं गाणं, आणि हा माणूस ज्या घरात मरण आहे तिथं तो म्हणायला सांगतोय. त्यांचा राग रास्त होता. तुमच्यात धवलारीण म्हणजे लग्न लावणारी बाई, तिच्या तोंडून अभद्र काही येऊन कसं चालेल, हे बिचाऱ्या दादाच्या गावीही नव्हतं. तोडगा तू काढलास. तू विचारलंस की नाटक सुरू होतं तेव्हा त्या घरात कोणी मेलेलं असतं का? दादा म्हणाला, नाही, तेव्हा राजाच्या मुलाचं लग्न ठरलेलं असतं. मग तेवढा वेळ गाऊ, तू म्हणालीस, आणि घरावर वाईट आलं की आमचं गाणं बंद, नुसतं बोलू. पुतळाबाई त्यावर कबूल झाल्या. दादा मला नंतर म्हणाला की हे त्याला वर्षभर डोकं खाजवूनही सुचलं नसतं. स्पर्धेच्या दिवशी तुमचं गाणं जिथं थांबलं तिथं सगळं थेटर गप्प झालं होतं. पुतळाबाई आता नाहीत. दादानं त्यांची जागा रिकामी ठेवायची ठरवलंय, चौघीच उभ्या करणार आहे.

तालमी तुमच्या देवळाच्या मंडपात व्हायच्या. दादा आधी अर्धा तास शिकवायचा, मग तालीम. तू जाळं विणत ऐकायचीस. त्याला शोकांतिका म्हणायचं, हे त्यानं पहिल्या दिवशी सांगितलं, आणि तिचे संकेत एकेक करून समजावले. संकेत म्हणजे लिहिणाऱ्यानं, करणाऱ्यानं आणि बघणाऱ्यानं आधीच मान्य केलेली रीत. सगळं एका दिवसात घडायचं, उजाडल्यापासून मावळेपर्यंत. जागा एकच, राजवाड्याच्या दारासमोरची. राजा दुष्ट असून भागत नाही, तो आपल्यासारखाच हवा, बरा माणूस, ज्याच्याकडून एक मोठी चूक होते. आमच्या राजाची चूक म्हणजे हट्ट. त्यानं एक कठोर हुकूम काढलेला, पोटचा मुलगा त्याविरुद्ध उभा राहिलेला, म्हातारे-कोतारे सगळे सांगतात की हुकूम मागं घे, तर हा ऐकत नाही. ज्या पावलानं तो घर सावरायला जातो त्याच पावलानं घर बुडतं. आणि त्याला कळतं तेव्हा उशीर झालेला असतो. यावर तू जाळ्यातून डोकं न काढता म्हणालीस की असा राजा आमच्या आळीत घरटी एक आहे. दादाला ते फार आवडलं. तो म्हणाला, म्हणूनच हे नाटक अजून जिवंत आहे.

राजवाड्याचं दार खरंखुरं होतं. रामनाथचं जुनं घर पाडून नवं बांधत होते, त्याचं सागवानी दार त्यानं आणलं, चौकटीसकट. त्या दाराभोवती सगळं नाटक फिरायचं. आणखी एक संकेत होता, तो त्या दाराचा. मरण कधी लोकांसमोर दाखवायचं नाही. ते दाराच्या आत घडतं, नाहीतर लांब कुठंतरी, आणि मग दूत येऊन सांगतो. दूत होता रामनाथ. राजपुत्र गेल्याचं सांगताना त्याला दर वेळी रडू फुटायचं आणि दादा दर वेळी त्याला थांबवायचा. दूत रडत नाही, दूत क्रमानं सांगतो, रडायचं ते ऐकणाऱ्यांनी. बिचारा रामनाथ नाकपुड्या दाबून सांगायला शिकला.

आणि राणी मी. माझं काम एवढंसं. दूताचं बोलणं ऐकायचं, एक शब्दही न बोलता वळायचं आणि दारातून आत जायचं. दादा म्हणायचा की या नाटकांत बाई ओरडून आत गेली तर काळजी नाही, न बोलता गेली तर ती परत येत नाही. बघणाऱ्यांना हे माहीत असतं. कोरसलाही शंका येते. कोरस म्हणतो की ही शांतता बरी नाही. पण जागचा हलत नाही, कारण कोरसनं आत जायचं नसतं. तो आला की शेवटपर्यंत तिथंच.

इथं तुझं गाडं अडलं. तू जाळं खाली ठेवलंस आणि विचारलंस, ‘ती बाई बोलत नाय, आत जाते, नि आमी पाच जनी बगत उभ्या? आमचे पाय कोनी बांधलेत?’ दादानं समजावलं, संकेत आहे. तू मान हलवलीस. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलंस. तिसऱ्या दिवशी दादा चिडला आणि तू रुसलीस. पुढं तुझा प्रश्न हा तालमीचा भागच होऊन बसला. मधुकर तर तू विचारायच्या आधीच विंगेतून तुझी नक्कल करायचा.

मधुकरबद्दल लिहायचं तर हात थांबतो, पण लिहिते. त्याला अभिनय येत नव्हता म्हणून दादानं त्याला प्रॉम्प्टर केलं होतं. तो दाराच्या पलीकडं वही घेऊन उभा असायचा. त्यामुळं माझं ते न बोलता आत जाणं कसं होतं सांगू? बाहेर सगळ्यांच्या काळजात धस्स व्हायचं, आणि मी आत पाऊल टाकलं की समोर माझा नवरा पाण्याचा ग्लास घेऊन उभा. ‘मेलीस का? पाणी पी.’ रोज हेच. लहानगी राधा त्याच्या पायाशी सतरंजीवर झोपलेली. मला राणीचं काम कधी जड गेलं नाही ते यामुळं. दारापलीकडं माझं सगळं घर उभं होतं.

स्पर्धेच्या दिवशी मी आत गेले, ग्लास तोंडाला लावला, आणि मागून धाडकन दार उघडून तू आत! नऊवारीचा काष्टा खोचलेला, डोळे मोठ्ठे. मला पाणी पिताना बघून तू जी थबकलीस! मग माझं मनगट धरलंस, आणि सोडलं नाहीस. बाहेर काय चाललंय याचं आम्हां तिघांनाही भान नव्हतं. बाहेर रामनाथ येऊन राणी कशी गेली ते क्रमानं सांगत होता आणि मरण पावलेली राणी तुझ्या हातात हात देऊन उभी होती. परीक्षकांनी शेरा दिला की प्रयोग चांगला, मात्र कोरसनं शोकांतिकेचा संकेत मोडला. आपला नंबर गेला. तू दादाची माफी मागितलीस आणि त्यानंतर नाटकाच्या वाऱ्याला उभी राहिली नाहीस. पण माझ्याकडं येत राहिलीस. बुधवारी आणि शुक्रवारी मासळीची पाटी घेऊन आमच्या चाळीत यायचीस, पाटी रिकामी झाली की माझ्या उंबऱ्यावर बसून बाराखडी गिरवायचीस.

बहात्तर सालचा तो बुधवार. मी आजारपणाच्या रजेवर घरी होते. कारखान्यातला सहदेव जिना चढून आला आणि गॅलरीत उभा राहिला. त्याला क्रमानं सांगता येईना. आधी मधुकरच्या सायकलचं बोलला, मग आग्रा रोडच्या ट्रकचं, मग पुन्हा सायकलचं. शेवटी मधलं सगळं सोडून शेवटचं बोलला. चाळीतल्या बाया गोळा झाल्या. कधी, कुठं, कुठल्या हॉस्पिटलात, सगळ्या सहदेवला विचारत होत्या. त्यांचं काही चुकलं असं मी म्हणत नाही, माणसं असंच करतात. मी काही विचारलं नाही. मी वळले आणि घरात गेले. मी तेव्हा ते नाटक आठवत नव्हते, सगुणाताई. पण पाय तसेच पडले. फक्त आत पाण्याचा ग्लास घेऊन कोणी उभं नव्हतं.

पुढचं लिहिण्याआधी तुला दादाचं उत्तर सांगते, कारण तुझा प्रश्न अजून तसाच पडलाय. क्षमा येऊन गेली त्या संध्याकाळी मी त्याला विचारलं, कोरस आत का जात नाही ते आता तरी नीट सांग. त्याचेही केस पिकलेत, आता तो चिडत नाही. म्हणाला, कोरस गेला असता तर बघणारा निवांत झाला असता. कोरस जात नाही म्हणून बघणाऱ्याच्या पायांत चुळबूळ होते. त्याला वाटतं, अरे, मी असतो तर गेलो असतो. ते वाटणं घेऊन तो घरी जातो. अडीच हजार वर्षं लोक हे नाटक बघतात ते त्यासाठी. मग म्हणाला, ‘सगुणाला सांग, नाटक तिला बरोबर कळलं होतं. माझं चुकलं ते एवढंच की ती बघणारी आहे हे न ओळखता मी तिला कोरसमध्ये उभी केली.’ हे मी माझ्या पदरचं काही न घालता लिहिलंय. तू वाट लावली नाहीस. हे दोनदा वाच, पाहिजे तर पाटीवर गिरव.

आता हे पत्र कशासाठी ते. दादानं मला पुन्हा राणीच विचारली होती. मी दूत मागितला. रामनाथ अंगानं सुटलाय, त्याला आता धाप लागते, आणि ग्रीकांत राजवाड्यातली दासीही बातमी घेऊन बाहेर येते म्हणे, तेव्हा दादा कबूल झाला. मला ते काम हवंय, कारण माझ्या घरात त्या दुपारी आत काय झालं ते आजवर कोणी बाहेर येऊन सांगितलेलं नाही. तू महिनाभर लंगडत होतीस आणि विचारणाऱ्याला सांगत होतीस की पायावर पाटी पडली. मीही गप्प राहिले. तुझ्या अंगठ्याचं नख अजून काळं येतं, ते बघते आणि गप्प राहते. मी तुला कधी साधं बरं झालं आलीस असंही म्हटलेलं नाही. ते आज म्हणते. बरं झालं आलीस, सगुणाताई. माझा जीव तुझ्यामुळं वाचला, आणि थोडा दादाच्या त्या नाटकामुळं. तालमीला ये. या वेळी कोरसमध्ये जागेवर उभी राहा, कारण तुला जिथं जायचं होतं तिथं तू जाऊन आलीस. आणि माझी पहिली तालीम तुझ्यासमोर, इथंच, न रडता, क्रमानं. दुपारची वेळ होती. बाई एक शब्दही न बोलता आत गेली. तिला दार लावून घ्यायचं होतं आणि मग ते पुन्हा उघडायचं नव्हतं. तिनं सगळ्या अंगानं दार लोटलं, पण ते लागेना. बाहेरून आवाज आला, ‘माजा पाय हाय दारात. लागतोय गं.’ जगायचं की नाही हे त्या बाईला तेव्हा कळत नव्हतं, पण कुणाचा पाय चिरडायचा नाही एवढं कळत होतं. तिनं दार सोडलं. जिचा पाय दारात होता ती बाई आत आली, तिनं मनगट धरलं, आणि दोघी फरशीवर बसून राहिल्या. बाहेर पाटी उघडी पडली होती, मासळी मांजरांनी नेली. संध्याकाळी राधा शाळेतून आली, तेव्हा दार उघडं होतं.

तुझीच,
शकु